न्यू इंग्लंड ॲस्टर : एका रानफुलाची लागवड आणि परागसिंचक कीटकांचा शरद ऋतूतील आधार

प्रास्ताविक

महाराष्ट्रातील वाचकास 'ॲस्टर' हे नाव अपरिचित नाही. पुण्याच्या गुलटेकडीत किंवा मुंबईत दादरच्या फुलबाजारात सणासुदीच्या दिवसांत जांभळ्या, गुलाबी व पांढऱ्या ॲस्टरचे ढीग लागलेले असतात. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने 'फुले गणेश' या मालिकेतील त्याचे वाणही प्रसारित केलेले आहेत. परंतु हे फूल म्हणजे चायना ॲस्टर होय. त्याचे शास्त्रीय नाव कॅलिस्टेफस चायनेन्सिस असून ते मूळचे चीनमधील, एका हंगामात जीवनक्रम पूर्ण करणारे झाड आहे. वर्गात ॲस्टरेसी कुलाचा पाठ घेताना विद्यार्थी हेच फूल घेऊन येतात आणि ते नमुना म्हणून उत्तमच असते. मात्र ज्या ॲस्टरभोवती गेल्या काही दशकांत अमेरिकेतील परागसिंचक संवर्धनाची चळवळ उभी राहिली, तो ॲस्टर निराळा आहे.

प्रस्तुत लेखात उत्तर अमेरिकेच्या पूर्व व मध्य भागातील न्यू इंग्लंड ॲस्टर या बहुवर्षायू रानफुलाचा परिचय करून द्यावयाचा आहे. त्याची पुष्परचना, शरद ऋतूतील कीटकांशी असलेला त्याचा संबंध, लागवडीची पद्धती आणि नैसर्गिक भूदृश्याच्या पुनःस्थापनेतील त्याचे स्थान यांचा विचार येथे क्रमाने केला आहे. आपल्याकडे हे झाड लावावे, असे सुचविण्याचा हेतू नाही. तसे का नाही, याचे विवेचन लेखाच्या उत्तरार्धात येईल.

नामविचार

कार्ल लिनियसने १७५३ साली 'स्पीशीज प्लँटारम' या ग्रंथात या वनस्पतीस 'ॲस्टर नोव्ही-अँग्ली' असे नाव दिले. 'ॲस्टर' हा ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ तारा असा आहे. पुढे सुमारे अडीच शतके जगातील शेकडो जाती याच एका प्रजातीत गणल्या जात होत्या. १९९० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ गाय नेसम यांनी या अवाढव्य प्रजातीची फेरमांडणी केली आणि अमेरिकेतील बहुसंख्य जाती तिच्यातून बाहेर काढल्या. तेव्हापासून आपल्या फुलाचे अधिकृत नाव 'सिंफायोट्रायकम नोव्ही-अँग्ली' असे झाले. डीएनए-आधारित अभ्यासांनीही जुन्या व नव्या जगातील ॲस्टर हे वेगळ्या वंशशाखांचे असल्याचे दाखवून दिले आहे. खऱ्या अर्थाने ॲस्टर या प्रजातीत राहिलेली एकच जाती, ॲस्टर अल्पायनस, आज उत्तर अमेरिकेत मूळनिवासी मानली जाते. रोपवाटिकांच्या पाट्यांवर मात्र जुनेच नाव अद्याप नांदत आहे, आणि नव्या नावाचा उच्चार पाहता रोपवाटिकावाल्यांना दोष देणे कठीण आहे.

पुष्परचना

हे झाड साधारणतः ३ ते ६ फूट उंच वाढते. खोड ताठ व केसाळ असते. पाने देठरहित, लांबट असून त्यांचा तळ खोडास दोन्ही बाजूंनी कवटाळतो. ही पानांची मिठी आणि फुलाखालील छदांवर असणारे चिकट ग्रंथिरोम या दोन लक्षणांवरून अन्य जांभळ्या ॲस्टरांपासून ते सहज वेगळे ओळखता येते. बहर ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत असतो.

सूर्यफुलाप्रमाणेच येथेही आपण ज्यास एक फूल म्हणतो ते वस्तुतः अनेक लहान पुष्पकांचे स्तबक असते. कडेची किरण-पुष्पके जांभळी, क्वचित गुलाबी वा पांढरी असून त्यांची संख्या बहुधा पन्नासच्या पुढे असते. ती केवळ स्त्रीलिंगी असतात. मधली पिवळी बिंब-पुष्पके द्विलिंगी असतात. प्रत्येक बिंब-पुष्पकात परागकोश एकमेकांस चिकटून नळी बनवतात. त्या नळीत पराग मोकळे झाल्यावर खालून वाढणारी कुक्षीवृंत पिचकारीच्या दट्ट्याप्रमाणे ते वर ढकलते आणि त्यानंतरच तिची टोके उकलून परागग्रहणास सिद्ध होतात. अशा रीतीने पुष्पक प्रथम पराग देते व नंतर पराग घेते. बिंब-पुष्पके बाहेरून आत क्रमाक्रमाने उमलत असल्याने एका स्तबकावर कीटकास कित्येक दिवस खाद्य मिळत राहते. परागीभवनानंतर बिंबाचा पिवळा रंग तांबूस-जांभळा होत जातो.

ही जाती बहुतांशी स्वपराग स्वीकारत नाही. याचा लागवडीशी थेट संबंध आहे. एकाच झाडाचे फुटवे विभागून शंभर झाडे केली तरी जनुकीय दृष्ट्या ते एकच झाड राहते, आणि अशा बागेत फुले भरपूर व बी अल्प अशी अवस्था होते. ज्यांना केवळ शोभा हवी आहे त्यांचे यात काही बिघडत नाही. ज्यांना स्वतःहून टिकणारी वनस्पती-वसाहत उभारावयाची आहे, त्यांनी बियांपासूनच प्रारंभ करणे इष्ट.

शरद ऋतूतील अन्नाची निकड

परागसिंचकांसाठी बाग म्हटली की वसंतातील फुलोरा डोळ्यांसमोर येतो. परंतु शीत प्रदेशातील कीटकांची खरी ओढाताण हिवाळ्याच्या तोंडावर होते. सप्टेंबरच्या अखेरीस बहुतेक फुले संपलेली असतात आणि नेमक्या त्याच सुमारास काही कीटकांची गरज सर्वाधिक असते.

बंबलबीचे उदाहरण घेऊ. ही जाड, केसाळ मधमाशी आपल्याकडील भुंग्याहून वेगळी असून भारतात ती मुख्यत्वे हिमालयाच्या परिसरात आढळते. तिची वसाहत एकाच वर्षाची असते. शरदाच्या शेवटी जुनी राणी, कामकरी माश्या व नर सर्व मरून जातात. फक्त त्या वर्षी जन्मलेल्या, समागम झालेल्या नव्या राण्या जमिनीत एकेकट्या शिरून हिवाळा काढतात. पुढील वर्षाची प्रत्येक वसाहत अशा एका राणीपासून सुरू होते. या राणीने निद्रेपूर्वी शरीरात पुरेसा मेद साठविला नसेल, तर ती वसंत पाहत नाही. बंबलबी आपले उड्डाणस्नायू थरथरवून शरीर तापवू शकत असल्याने ऑक्टोबरमधील गार सकाळीही ती ॲस्टरवर काम करताना दिसते. 'रस्टी पॅच्ड' या नावाने ओळखली जाणारी बंबलबी २०१७ साली अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यान्वये संकटग्रस्त घोषित झाली. मुख्य भूमीवरील कोणत्याही मधमाशीस असे संरक्षण मिळण्याची ती पहिली वेळ होती. एका माशीच्या पुढील पिढीचे भवितव्य शरदातील तीन-चार आठवड्यांच्या फुलोऱ्यावर अवलंबून असावे, ही गोष्ट लागवडीचा विचार करताना सतत ध्यानी ठेवावी लागते.

दुसरे उदाहरण मोनार्क फुलपाखराचे. त्याच्या अळ्या मिल्कवीडवर, म्हणजे आपल्या रुईच्या कुलातील झाडांवर, पोसतात. आपल्याकडील प्लेन टायगर हे फुलपाखरू त्याचे जवळचे नातलग असून त्याच्या अळ्या रुईवर सापडतात. मोनार्कच्या शरदातील पिढीचे वैशिष्ट्य असे की ती प्रजनन लांबणीवर टाकून कॅनडा व अमेरिकेतून हजारो किलोमीटरचे अंतर कापीत मेक्सिकोतील ओयामेल फरच्या डोंगरी वनांत पोहोचते. ही विश्रांतिस्थाने शास्त्रीय जगास जानेवारी १९७५ मध्ये ज्ञात झाली आणि २००८ साली तेथील राखीव क्षेत्र जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. वाटेत प्यालेल्या मकरंदाचे मेदात रूपांतर होते आणि तो मेद संपूर्ण हिवाळाभर पुरवावा लागतो. ॲस्टर व गोल्डनरॉड ही या वाटेवरची प्रमुख अन्नछत्रे होत. मेक्सिकोतील वनात फुलपाखरांनी व्यापलेले क्षेत्र १९९६-९७ च्या हिवाळ्यात १८.१९ हेक्टर होते. २०१३-१४ मध्ये ते ०.६७ हेक्टरपर्यंत घसरले. २०२३-२४ मध्ये ०.९० आणि २०२४-२५ मध्ये १.७९ हेक्टर अशी नोंद झाली. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने या फुलपाखरास 'धोक्यात आलेली जाती' म्हणून संरक्षण देण्याचा प्रस्ताव मांडला. या घसरणीची कारणे अनेक आहेत. मिल्कवीडचा ऱ्हास, कीटकनाशके, हिवाळी वनांची हानी, हवामानातील बदल या सर्वांचा त्यात वाटा आहे. नुसते ॲस्टर लावून ती थांबेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. तथापि वाटेवरील अन्न हा त्यातील असा दुवा आहे की जो सामान्य नागरिकाच्या अंगणात सांधता येतो.

याशिवाय काही एकांडी माशा केवळ ॲस्टर व त्याच्या आप्तांच्या परागावरच आपली पिल्ले वाढवितात. अँड्रेना ॲस्टेरिस ही त्यांपैकी एक. तिची प्रौढ अवस्था वर्षातून एकदाच, ॲस्टरच्या बहरातच, जमिनीतून वर येते. पाळीव मधमाशीस दुसरे फूल चालते. या माशीस चालत नाही. पानांवर वाढणाऱ्या पतंग-फुलपाखरांच्या अळ्यांची गणना केल्यास पूर्व अमेरिकेतील ॲस्टरवर्गावर शंभराहून अधिक जाती पोसल्या जातात, याकडे डेलावेअर विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञ डग्लस टॅलमी यांनी लक्ष वेधले आहे. अळ्या म्हणजे पक्ष्यांच्या पिल्लांचे अन्न. पानास पडलेली छिद्रे पाहून फवारणीचा पंप उचलणाऱ्यास ही साखळी समजावून सांगणे, हे संवर्धनकर्त्यांपुढील सर्वांत अवघड काम असावे.

लागवड

बहर संपल्यावर तीन ते पाच आठवड्यांत स्तबके राखाडी, कापसासारखी होतात. प्रत्येक कृत्स्नफळास केसांचा झुबका असून वारा त्यास दूर नेतो. झुबका बोटांनी ओढताच सहज सुटू लागला की बी पक्व झाले असे समजावे. बी कोरड्या दिवशी कागदी पिशवीत गोळा करून काही दिवस सावलीत वाळवितात. पोकळ बी पुष्कळ निघते. भरीव बी नखाखाली दाबले असता वाकत नाही. बी अतिशय सूक्ष्म असल्याने एका ग्रॅममध्ये दोन हजारांवर दाणे भरतात, यास्तव पेरताना त्यात बारीक वाळू मिसळणे सोयीचे ठरते.

या बियांना शीतसंस्कार द्यावा लागतो. त्याची नैसर्गिक रीत म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मोकळ्या जमिनीवर बी फेकणे व पुढचे काम बर्फावर सोपविणे. घरी करावयाचे झाल्यास ओलसर वाळूत बी मिसळून शीतकपाटात ३० ते ६० दिवस ठेवतात. अंकुरणास प्रकाश लागत असल्याने बी मातीत पुरावयाचे नसते. पृष्ठभागावर टाकून हाताने वा फळीने दाबावयाचे. आपल्या शेतकऱ्यास 'बी झाकू नका' हा सल्ला चमत्कारिक वाटेल, पण तंबाखूचे वाफे ज्याने टाकले आहेत त्यास तो पटेल. सुमारे २० अंश सेल्सियस तापमानात एक ते तीन आठवड्यांत अंकुर दिसतात.

पहिल्या वर्षी झाड मुख्यतः मुळे वाढविते. वर फारसे काही दिसत नाही आणि येथेच अनेकांचा धीर सुटतो. भरघोस बहर बहुधा दुसऱ्या वर्षापासून येतो. या काळातील खरा शत्रू तण होय. मोठ्या क्षेत्रावर पेरणी केली असल्यास पहिल्या हंगामात सर्वच वाढ एक वीत उंचीवर वारंवार छाटतात. त्यामुळे उंच वाढणाऱ्या वर्षायू तणांची सावली हटते आणि बुटक्या बहुवर्षायू रोपांना ऊन मिळते. बागेत रोपे लावताना दोन झाडांत दीड ते दोन फूट अंतर ठेवावे. दिवसातून किमान सहा तास ऊन आणि ओलावा धरणारी जमीन त्यास मानवते. चिकण मातीही चालते. फार सुपीक जमिनीत किंवा खतांच्या माऱ्यात मात्र झाड उंच व लेचेपेचे होऊन कोलमडते.

कोलमडणे टाळण्याचा दुसरा उपाय छाटणीचा. जूनमध्ये झाड गुडघ्याएवढे झाले की त्याची निम्मी उंची कापावी. त्यामुळे फुटवे वाढतात, झाड आटोपशीर राहते आणि बहर थोडा लांबतो. जुलैच्या मध्यानंतर ही छाटणी करू नये, कारण तोवर कळ्यांची तयारी सुरू झालेली असते. काही जाणकार ओळीतील निम्मीच झाडे छाटतात. न छाटलेली आधी व छाटलेली नंतर फुलत असल्याने कीटकांना दीर्घकाळ अन्न मिळते. ही युक्ती साधी असली तरी प्रस्तुत लेखकास ती सर्वांत उपयुक्त वाटते. तीन-चार वर्षांनी गड्ड्याचा मध्यभाग विरळ होतो, तेव्हा वसंतात तो खणून कडेचे जोमदार फुटवे वेगळे लावावेत.

रोगांपैकी भुरी प्रमुख आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस खालची पाने करपून गळतात व झाडाचे पाय उघडे पडतात. याने झाड मरत नाही. हवा खेळती ठेवणे आणि पुढे बुटके गवत वा अन्य झाडे लावून ते पाय झाकणे एवढे पुरते. कीटकनाशकाचा विषय अधिक गंभीर आहे. निओनिकोटिनॉइड गटातील औषधे झाडाच्या अंतर्भागात भिनून पराग व मकरंदापर्यंत पोहोचतात. रोपवाटिकेत अशी प्रक्रिया झालेले रोप 'परागसिंचकांसाठी' म्हणून विकत आणले, तर अन्नाबरोबर विषही वाढले जाते. युरोपीय संघाने २०१८ साली या गटातील तीन औषधांच्या उघड्यावरील वापरावर बंदी घातली. अमेरिकेतील ग्राहकाने मात्र रोप घेताना विक्रेत्यास हे स्पष्टपणे विचारणे हाच सुज्ञ मार्ग आहे.

फुले सुकल्यावर बाग 'साफ' करण्याची घाई करू नये. गोल्डफिंचसारखे पक्षी बी टिपतात आणि वाळलेल्या खोडांच्या आतील भेंडात काही छोट्या माशा घरटी करतात. वसंतात खोडे दीड फुटापर्यंत कापून खुंट तसेच ठेवावेत.

वाणांविषयी

या फुलाचा बागेतील इतिहास प्रामुख्याने इंग्लंड व जर्मनीत घडला. तेथे २९ सप्टेंबरच्या संत मायकेलच्या सणाच्या सुमारास फुलणारी ही झाडे 'मायकेलमस डेझी' म्हणून लोकप्रिय झाली व तेथील वाण पुन्हा अमेरिकेत परतले. 'पर्पल डोम' हा बुटका वाण मात्र अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात सापडला. असे वाण कीटकांना निरुपयोगी असतात असे सरसकट म्हणता येत नाही. परंतु ज्यांत बिंब-पुष्पकांचे किरण-पुष्पकांत रूपांतर होऊन फूल 'दुहेरी' झालेले असते, त्यांत पराग व मकरंद घटतो. भरगच्च दिसणारे फूल माशीच्या दृष्टीने रिकामे ताट असते.

भूदृश्याची पुनःस्थापना

आयोवा राज्यात एकेकाळी बहुतांश भूमी उंच गवताच्या प्रेअरीने व्यापलेली होती. आज तिचा एक हजारावा भागही शिल्लक नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन येथील उद्यानात १९३० च्या दशकात पडीक शेतजमिनीवर प्रेअरी पुन्हा उभारण्याचा प्रयोग सुरू झाला. त्यात आल्डो लिओपोल्ड यांचा सहभाग होता आणि महामंदीच्या काळातील शासकीय योजनेतील तरुणांनी तेथे श्रम केले. 'कर्टिस प्रेअरी' या नावाने ओळखले जाणारे ते क्षेत्र आजही अभ्यासिले जाते. या प्रयोगातून सर्वांत महत्त्वाची जी गोष्ट स्पष्ट झाली ती म्हणजे नुसते पेरून भागत नाही. नियंत्रित आगीविना तेथे झुडपे व परकी गवते माजतात. निसर्गास 'हात न लावता' जपणे ही कल्पना तेथे टिकली नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून आयोवाने रस्त्यांच्या कडांवरही स्थानिक गवते व फुले लावण्याचे धोरण राबविले. अशा बीजमिश्रणांत शरदातील फुले म्हणून ॲस्टर व गोल्डनरॉड यांना हमखास स्थान असते.

बी कोठून आणावे हा येथे नेहमी उपस्थित होणारा प्रश्न. एकाच जातीची मिनेसोटातील व टेनेसीतील झाडे एकाच दिवशी फुलत नाहीत. दक्षिणेचे बी उत्तरेत नेले तर फुलोरा इतका उशिरा येऊ शकतो की बी पिकण्याआधी हिमकडाका गाठतो. म्हणून जवळच्या परिसरातील बियांचा आग्रह धरला जातो.

'स्थानिक' या शब्दाची कक्षा

जे ॲस्टर व गोल्डनरॉड अमेरिकेत संरक्षक ठरतात, त्यांच्याच कुळीचे भाईबंद अन्यत्र उपद्रवी झाले आहेत. कॅनडा गोल्डनरॉडने युरोपात व चीनमध्ये आणि काही अमेरिकन ॲस्टर जातींनी मध्य युरोपातील नदीकाठांवर स्थानिक वनस्पतींना हटविले आहे. आपणास हा अनुभव नवीन नाही. १९५० च्या दशकात पुण्यात नोंदविले गेलेले गाजरगवत याच ॲस्टरेसी कुलातील व अमेरिकेतूनच आलेले आहे. अलीकडे पुण्याच्या टेकड्यांवर व साताऱ्याकडील रस्त्यांच्या कडेने पसरलेला पिवळा कॉसमॉसही मूळचा मेक्सिकोकडील. त्यावर फुलपाखरे बसतात हे खरे आहे, आणि त्याचे बी उधळणाऱ्यांचा हेतूही चांगलाच असतो. परंतु त्याच्या दाटीखाली कोणती स्थानिक रोपे दबली, हे छायाचित्रात येत नाही.

सह्याद्रीवर याच कुलातील सोनकी भाद्रपद-आश्विनात पठारे व उतार पिवळे करते. कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांचा भाग आहे. तेथे पर्यटकांपासून फुले राखण्यासाठी कुंपण घालण्यात आले. पुढे गुरांची चराई थांबल्याने गवत माजून फुले घटली, असे स्थानिक लोकांनी व काही अभ्यासकांनी निदर्शनास आणले आणि कुंपण काढण्यात आले. मॅडिसनच्या प्रेअरीस जशी आग, तशी कासला गुरे. कोणत्या पठारावर किती गुरे, कोणत्या महिन्यात चरावीत व त्याचा सोनकीच्या बीजधारणेवर काय परिणाम होतो, याच्या नोंदी घेण्यास मोठ्या प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. चार खुंट्या, एक दोरी आणि सलग पाच पावसाळे हजर राहणारे पदवीचे विद्यार्थी एवढ्यावर हे काम घाटमाथ्यावरील कोणत्याही महाविद्यालयास हाती घेता येईल.